वायरिंगचा हिशोब आखाजीच्या दुपारचा धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरला तळमजला आणि वर एक मजला, मिळून पंधराशे चौरस फुटांच्या आसपास बांधकाम. खालच्या स्लॅबचं सेंट्रिंग लागलंय, दोन आठवड्यांत स्लॅब पडेल, म्हणजे काँक्रीट ओतलं जाईल. वायरमन म्हणतो, "पॉइंट किती ते सांगा, बाकी माझ्यावर सोडा." पुण्यातला मुलगा म्हणतो, सगळे दिवे मोबाइलवर चालले पाहिजेत. वडील म्हणतात, एक ट्यूब आणि एक पंखा पुरे. तुम्हाला हवं आहे ते हे, की पॉइंट किती धरायचे, वायर कोणती, सिंगल फेज (वीज आणणारी एकच तार) की थ्री फेज (तशा तीन), आणि फॉल्स सीलिंगमधल्या दिव्यांवर पैसे घालायचे की नाही.

भाऊ, पॉइंटच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. वायरमनला तो आकडा हवा असतो कारण त्याचा भाव पॉइंटवर असतो. तुमच्या घराचं वायरिंग कशासाठी करायचं, हे त्या आकड्यातून कळत नाही. मी जळगाव-धुळ्याकडची घरं करतो आणि प्रत्येक घराचा हिशोब एकाच दिवसाचा धरतो: आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची दुपार, चार वाजता. लेकी-जावई, नातवंडं घरात. तिन्ही खोल्यांचे एसी चालू, हॉलमध्ये कूलर, फ्रिजचं दार दर पाच मिनिटांनी उघडतंय, मिक्सरवर आमरस, टाकी संपली म्हणून कोणीतरी बोअरची मोटर लावलेली. बाहेर ४४-४५ अंश, स्लॅब तापलेला, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात हेच चाललंय म्हणून व्होल्टेजही खाली. लोड जास्त, हवा गरम, दाब कमी. तिन्ही वाईट गोष्टी आपल्याकडे एकाच वेळी येतात. पुण्या-नाशिकच्या घरासाठी काढलेला तक्ता इथे जसाच्या तसा का लावू नये, त्याचं कारण हेच. त्या दुपारी जे घर तक्रार करत नाही, ते वर्षभर करत नाही.

आता स्लॅब जवळ आलाय, तर आधी त्याचं सांगतो. बाकीचं पुढच्या महिन्यातही ठरवता येईल, स्लॅबमधलं नाही.

आजच संध्याकाळी घरच्या सगळ्यांना घेऊन नकाशावर फर्निचर काढा. पलंग कुठे, कपाट कुठे, टीव्ही कोणत्या भिंतीला, देवघर कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं. दार उघडल्यावर त्याच्या मागे बोर्ड गेला, की पुढची वीस वर्षं तुम्ही दाराला वळसा घालून दिवा लावणार. पलंग ठरल्याशिवाय पंख्याची जागाही ठरत नाही. खोलीच्या मध्यावर पंखा टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. पण मोठ्या खोलीत एका बाजूला कपाटांची रांग आली तर मध्य सरकतो, आणि पंखा कपाटाला वारा घालत बसतो. शंभर चौरस फुटांपेक्षा बरीच मोठी खोली असेल तर दोन फॅन बॉक्स टाका, दुसरा वापरला नाही तरी चालेल.

स्लॅबमध्ये २५ एमएमचा आयएसआय मार्कचा जाड पीव्हीसी पाइप वापरा. हलका पाइप मजुराच्या पायाखाली चपटा होतो, आणि व्हायब्रेटर लागला की सांधा सुटतो. पाइप खालच्या सळीच्या वर आणि वरच्या सळीच्या खाली बसवायचा, बाइंडिंग वायरने जागोजागी बांधायचा. पाच इंची स्लॅबमध्ये चार-पाच पाइप एकमेकांना चिकटवून नेले तर मध्ये खडी शिरत नाही आणि तिथेच पुढे तडा जातो. दोन पाइपांमध्ये खडी बसेल एवढं अंतर ठेवा. कॉलमजवळ पाइपांचा गठ्ठा नको. बीममधून खाली उतरायचं असेल तर काँक्रीटच्या आधीच स्लीव्ह (वायर नेण्यासाठी पाइपाचा तुकडा) टाकून घ्या. नंतर ड्रिल घेऊन बीम कोरणारे लोक मी पाहिलेत, तिथे उभं राहवत नाही. पाइपाचं प्रत्येक टोक बुच किंवा टेप लावून बंद, आणि फॅन बॉक्स-जंक्शन बॉक्सच्या पोटात कागद किंवा भुसा गच्च भरलेला. काँक्रीटचं पाणी आत गेलं की पाइप मेला समजा.

फॅन बॉक्सची सळई हाताने ओढून बघा. ती स्लॅबच्या सळीवर आडवी टेकलेली आणि बांधलेली पाहिजे. नुसती बॉक्समध्ये अडकवलेली चालत नाही. आणि हो, झोका. आखाजीला झोका बांधणारच, किंवा हॉलमध्ये बंगळी, म्हणजे झोपाळा, टांगायची हौस असेलच. त्याच्या कड्यांची जागा आत्ताच इंजिनिअरकडून मंजूर करून घ्या, कड्या सळीत अडकवून घ्या आणि त्यांच्या आसपास फूटभर एकही पाइप जाऊ देऊ नका. नंतर अँकर बोल्ट मारायला आलेला माणूस खाली काय आहे ते विचारत नाही.

स्लॅबच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मोबाइल घेऊन वर जा. प्रत्येक खोलीचा फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे, भिंतीपासून पाइप किती अंतरावर ते कळलं पाहिजे. स्लॅब पडताना वायरमनचा एक माणूस तिथे हजर असावा, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या. तुटलेला सांधा त्याच मिनिटाला जोडता येतो, दुसऱ्या दिवशी नाही.

आता लोड. तुमच्या घरात तीन दीड टनी एसी येतील असं धरतो. आज एक घ्याल, पाच वर्षांत तिन्ही लागतील. प्रत्येकी साधारण १.६ किलोवॅट, म्हणजे ४.८. एक एचपीची बोअरची मोटर साधारण १ किलोवॅट. कूलर दोन, मिळून ४०० वॅट. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही मिळून ७००. मिक्सर किंवा घरघंटी ७५० वॅट. कळण्याचं (ज्वारी-उडदाच्या भाकरीचं) पीठ घरी दळायचं असेल तर घरघंटी हवीच, आणि ती बरोबर दुपारीच चालते. इंडक्शन अर्ध्या जोरावर धरला तर १ किलोवॅट. बेरीज साडेआठ-नऊच्या घरात जाते. गिझर मी यात धरलाच नाही. मे महिन्यात तो लागत नाही, आणि डिसेंबरात धुळ्या-अमळनेरकडची थंडी पडते तेव्हा एसी बंद असतात. हे दोन लोड एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत.

नऊ किलोवॅट सिंगल फेजवर म्हणजे २३० व्होल्टला ३९ अँपिअर. व्होल्टेज २०० वर आलं की इन्व्हर्टर एसी तेवढंच काम करायला जास्त अँपिअर ओढतो, म्हणजे आकडा आणखी चढतो. एका फेजवर हे रोज चालवायचं म्हणजे मीटरपासून मेनपर्यंत सगळं कढत राहणार. त्यामुळे थ्री फेज घ्या. स्थिर आकार जास्त येतो हे खरं, पण प्रत्येक फेजवर १३-१४ अँपिअर आला की घर शांत चालतं. तीन एसी तीन वेगळ्या फेजवर टाका. वर दोन एसी आहेत म्हणून दोन्ही "वरच्या फेजला" ही चूक फार होते.

थ्री फेजचा आपल्याकडचा खरा फायदा वेगळाच आहे. वळवाचं वादळ आलं, केळीच्या बागा झोपल्या, की तारांचंही तेच होतं आणि बऱ्याचदा एकच फेज जातो. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनी जिथून वाटल्या जातात त्या पेटीत, फेज सिलेक्टर असेल तर पंखे-दिवे चालू फेजवर घेता येतात. मात्र तिन्ही फेजचं लोड एकावर फिरवून वर एसी लावायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

त्याच वादळात दुसरी एक गोष्ट होते, ती जास्त महागात पडते. खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटला किंवा सैल झाला की घरातल्या सॉकेटवर २३० ऐवजी साडेतीनशे, चारशेपर्यंत व्होल्ट येऊ शकतात. टीव्ही, फ्रिजचा बोर्ड, एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारे छोटे सर्किट) एका रात्रीत जातात. एमसीबीला, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, यातलं काही कळत नाही. त्यासाठी डीबीमध्ये जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं उपकरण बसवा, आणि वादळात तारांतून अचानक येणाऱ्या व्होल्टेजच्या उसळीसाठी टाइप-२चा सर्ज प्रोटेक्टर. दोन्हींचा खर्च एका टीव्हीपेक्षा कमी आहे.

वायरीकडे येतो. सगळेजण "अडीचची वायर टाकली की झालं" म्हणतात. तक्त्यात अडीच एमएम (खरं तर चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर भिंतीतल्या पाइपात २४ अँपिअर नेते असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा ३० अंशांच्या हवेचा. आपल्या पीव्हीसी वायरीला ७० अंशांपर्यंतची मुभा असते. भोवतालची हवाच ५० अंशांवर गेली, आणि मे महिन्यात गच्चीच्या स्लॅबमधल्या पाइपात ती जाते, की २४ चे ७१ टक्के, म्हणजे १७ अँपिअर उरतात. त्याच पाइपात आणखी एक लोडचं सर्किट कोंबलं की आणखी वीस टक्के गेले, हातात साडेतेरा. आणि वर एमसीबी बसवलेली असते वीसची. वायर तापत राहते, एमसीबी गप्प बसते. "शॉर्ट सर्किट झालं" म्हणून जे सांगितलं जातं, त्यातल्या कितीतरी ठिकाणी असं वर्षानुवर्षं उकडलेलं इन्सुलेशन असतं.

म्हणून माझा हिशोब असा: दिवे-पंख्यांना दीड एमएम, साध्या एकची नको. १६ अँपिअरच्या प्लगला अडीच. एसी, गिझर, इंडक्शनला प्रत्येकी स्वतंत्र चार एमएम, डीबीपासून थेट, मध्ये कुठे जोड नाही. मीटर कंपाउंडच्या भिंतीत आणि घर आत असतं आपल्याकडे, त्यामुळे मीटरपासून डीबीपर्यंत थ्री फेजला सहा एमएम तांब्याची पुरते, पण पुढे गाडीचा चार्जर येणार असेल तर दहाची टाका. सिंगल फेजच ठेवलं तर दहा टाकाच. ३५ अँपिअर ३० मीटर नेताना सहाच्या वायरीत सात व्होल्ट वाटेतच जातात, दहात चार. गावातून १९५ येत असतील तर ते तीन व्होल्टही मोटरला हवे असतात.

एका दिव्याच्या सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, याच्या पुढे जाऊ नका. पॉवरच्या एका सर्किटवर दोनच १६ अँपिअरचे सॉकेट. एलईडीमुळे वॅट उरतात, तरी दहाच ठेवा, म्हणजे एक एमसीबी पडली तर अर्धं घर अंधारात जात नाही. पाइपाचा ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग वायरीने भरू नका. एमसीबी वायरीला शोभेल अशी: दीडला ६ किंवा १०, अडीचला १६, चारला २०. एसी-मोटरला सी कर्व्ह, म्हणजे सुरू होतानाचा झटका सोसणारी. डीबी पोर्चमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. एमसीबी ३० अंशांवर जमवलेली असते, उन्हात भाजली की लोड नसताना पडते, मग वायरमन येऊन मोठी एमसीबी बसवून जातो आणि तिथून खरा धोका सुरू होतो.

वायर एफआर (सहज न पेटणारी) किंवा एफआरएलएस (वर धूरही कमी करणारी), आयएसआय मार्कची, आणि गुंडाळी स्वतः दुकानातून घ्या. नव्वद मीटरच्या गुंडाळीत किती मीटर खरे आहेत, ते वायरीवरच्या छापील मीटर-खुणांवरून कळतं. रंग ठरवून द्या: लाल, पिवळा, निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंगचा. "हिरवी संपली म्हणून काळी ओढली" हे वाक्य ऐकलं की काम थांबवा.

अर्थिंग आणि कूलर, या दोन गोष्टींवर मी सगळ्यात जास्त वेळ घेतो, कारण दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्याची बॉडी, आत पाणी, ओले हात, अनवाणी पाय, आणि बहुतेक वेळा दोन पिनांचा प्लग. काळ्या जमिनीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम येतं. पण तीच जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नेमकं कूलरच्या दिवसांत कमजोर होतं. त्यामुळे अर्थिंग न्हाणीघराच्या किंवा बागेच्या पाण्याचा ओलावा मिळेल अशा जागी करा, तोंडाशी पाणी घालायला नळी ठेवा. तांब्याचा मुलामा असलेला तीन मीटरचा रॉड आणि भोवती ओलावा धरणारं मिश्रण, हे मीठ-कोळशापेक्षा जास्त वर्षं टिकतं. मोजून घ्या. मोजताना मे महिना असेल तर फारच उत्तम. पाच ओहमच्या आत आलं तर मी समाधानी.

आता नीट ऐका. पाच ओहमचं अर्थिंगही एकटं तुम्हाला वाचवत नाही. २३० भागिले ५, म्हणजे फेज बॉडीला लागला तरी अर्थिंगमधून ४६ अँपिअरच जातील. बत्तीसची सी कर्व्ह एमसीबी लगेच पडायला १६० ते ३२० अँपिअर मागते. ४६ वर ती तास-तास बसून राहू शकते, आणि तेवढा वेळ कूलरच्या बॉडीत करंट. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच, म्हणजे करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच, ज्याला बरेच वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. पण अख्ख्या घराला एकच लावू नका. प्रत्येक फेजला एक, आणि कूलर, गिझर, बाहेरचे प्लग यांच्यासाठी जमलं तर स्वतंत्र. एकच असली की कूलरच्या पंपात पाणी शिरलं तर फ्रिजसकट घर बंद, आणि रात्री दीड वाजता वैतागून कोणीतरी ती बायपास करून टाकतो. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. हे काम नातवाला द्या, तो विसरत नाही.

कूलरची जागा आत्ताच ठरवा. कोणत्या खिडकीत बसेल, तिथे खिडकीच्या आत, हाताला येईल असा तीन पिनी प्लग आणि स्विच, आणि जवळ पाण्याचा नळ. खिडकीतून लोंबणारी एक्स्टेंशन वायर हा आपल्याकडचा उन्हाळ्याचा दागिना आहे, तो नवीन घरात नको.

इन्व्हर्टर. त्याची लाइन सुरुवातीपासून वेगळी ओढा: प्रत्येक खोलीत एक दिवा, एक पंखा, राउटर आणि जिन्याचा दिवा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ न्यूट्रलचा होतो. फेज इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रल जवळच्या बोर्डातून उचललेला, असं केलं की आरसीसीबी कारण नसताना पडते. मग तक्रार येते, "तुमची आरसीसीबी खराब आहे." चोपड्याकडच्या एका घरी मी बोर्ड उघडला तेव्हा एकाच स्क्रूखाली पाच काळ्या वायरी पिळून बसवल्या होत्या, त्यातली एक इन्व्हर्टरची, आणि पिळाचा रंग करडा पडलेला. ती एक वायर वेगळी केली, तक्रार तिथेच संपली. इन्व्हर्टरचा न्यूट्रल डीबीपर्यंत वेगळा राहिला पाहिजे, एवढंच वायरमनकडून लिहून घ्या. बॅटरीची जागा हवेशीर हवी, जिन्याखालच्या बंद कपाटात नको. गरमीत पाणीही उडतं आणि आयुष्यही घटतं. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या) मोटरचे घ्या. ७५ वॅटऐवजी तीसेक वॅटमध्ये चालतात, म्हणजे तीच बॅटरी दुप्पट वेळ जाते.

दिव्यांबद्दल तुमचे वडील अर्धे बरोबर आहेत. आपल्याकडे हॉलचं फॉल्स सीलिंग बघून लोक घराची किंमत ठरवतात. आणि त्याच घरातल्या स्वयंपाकघरात बाई स्वतःच्या सावलीत भाजी चिरत असते, कारण एकच दिवा मागे छताच्या मध्यावर. पहिला खर्च तिथे करा. ओट्यावरच्या कपाटांच्या खाली पुढच्या कडेला एलईडी पट्टी, म्हणजे उजेड थेट ओट्यावर. त्याचा पॉइंट कपाट बसायच्या आधी काढावा लागतो. ओट्यावर निदान चार-पाच प्लग, तेही गॅस आणि सिंकपासून लांब. मिक्सर, इंडक्शन, आरओ, ओव्हन, चिमणी मोजलीत की आकडा आपोआप येतो.

खोलीला उजेड किती लागतो याचा साधा हिशोब सांगतो. बारा बाय बाराची खोली म्हणजे साडेतेरा चौरस मीटर. बसण्या-उठण्यासाठी १५० लक्स (दर चौरस मीटरला १५० लुमेन उजेड) धरले तर दोन हजार लुमेन टेबलाच्या उंचीला पोचले पाहिजेत. भिंती-छत निम्मे खातात, म्हणून दिव्यांतून चार हजार निघाले पाहिजेत. २० वॅटची चांगली एलईडी ट्यूब दोन हजार लुमेनच्या आसपास देते. दोन ट्यूब समोरासमोरच्या भिंतींवर, झालं. मुलं अभ्यास करतात त्या टेबलावर ३०० लक्स हवेत. तिथे छतावर दिवे वाढवण्यापेक्षा टेबलाला स्वतःचा दिवा द्या, लिहिणाऱ्या हाताच्या उलट बाजूने.

रंग. आपल्या लोकांना पांढराशुभ्र ६५०० केल्विनचा उजेड आवडतो, दुकानासारखा. दिवसा ठीक, रात्री दहा वाजता झोपायच्या खोलीत तो डोळ्यांत बसतो. हॉल आणि बेडरूमला पिवळसर ३०००, स्वयंपाकघर-अभ्यासाला ४०००, असं घ्या. खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जवळचा आकडा बघा, निदान स्वयंपाकघर आणि कपड्यांच्या कपाटापाशी. जळगावच्या सराफाच्या दुकानात सोनं का खुलतं, त्यात दिव्यांचाही हात असतो. बाहेरच्या ओट्यावर पिवळसर दिवाच लावा, पावसाळ्यात पाखरं कमी येतात.

फॉल्स सीलिंग खालच्या हॉलला करा, हौस असेल तर. वरच्या मजल्यावर मी सहसा नको म्हणतो. तापलेला स्लॅब आणि पीओपी यांच्या मधल्या कोंडलेल्या हवेत एलईडीचे ड्रायव्हर भाजून निघतात, आणि दोन वर्षांनी तुम्ही म्हणता, "कंपनी खराब." करायचंच तर ड्रायव्हर काढता येईल अशी झडप ठेवा, आणि पट्टीचा एसएमपीएस, म्हणजे तिला वीज पुरवणारा डबा, सीलिंगच्या आत न ठेवता कपाटावर, हाताला येईल अशा जागी आणा. आणि छुप्या दिव्यांशिवाय प्रत्येक खोलीत एक साधा दिवा वेगळ्या बटनावर ठेवा. रोज तोच लागतो.

टू-वे स्विच, म्हणजे एकच दिवा दोन जागांवरून चालवणारे, तीन ठिकाणी हवेतच: जिना, बेडरूमचं दार आणि पलंग, आणि पोर्च. जिन्याला पायरीच्या उंचीवर छोटा दिवा, वडिलांसाठी. गच्चीवर झोपणारं घर असेल, आणि आपल्याकडे अजून आहेत, तर तिथे झाकणाचा, पाणी न शिरणारा प्लग द्या, टेबल फॅन आणि मोबाइलसाठी. तसाच एक दर्शनी भागात, वर. दिवाळीला आणि श्रावणात कानबाई (खानदेशातली देवी) बसते तेव्हा माळांची वायर खिडकीतून ओढावी लागत नाही.

मुलाच्या मोबाइलच्या दिव्यांचं मी उद्यावर टाकेन, पण त्याची तयारी आज करेन. प्रत्येक स्विच बोर्डात न्यूट्रल न्या आणि खोल पेट्या बसवा, एवढंच. मग कधीही त्या स्विचच्या मागे छोटं यंत्र बसवता येतं. आज घेतलेली महागडी सिस्टिम दहा वर्षांनी कोण दुरुस्त करेल, हा प्रश्न अमळनेरमध्ये पुण्यापेक्षा जास्त खरा आहे. राउटरसाठी घराच्या मध्यावर जागा, वरच्या मजल्यावर आणि कॅमेऱ्यांच्या जागी लॅन केबलचा रिकामा पाइप, विजेच्या पाइपापासून वेगळा.

रिकामे पाइप आणखी दोन. एक गच्चीपासून डीबीपर्यंत, सोलरसाठी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान ठरलेलं आहे. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॅट बाराच्या आसपास. गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली पडणार नाही अशी जागा आत्ताच राखून ठेवा, आणि सोलरचं अर्थिंग, आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजवाहकाचं अर्थिंग वेगळं निघेल अशी सोयही. दुसरा पाइप डीबीपासून पार्किंगपर्यंत, गाडीच्या चार्जरसाठी. स्कूटरला १६ अँपिअरचा साधा प्लग पुरतो. मोटारीचा ७ किलोवॅटचा चार्जर आला तर एका फेजवर ३२ अँपिअर लागतात, त्याला सहा एमएम.

भावाबद्दल. पॉइंटच्या भावाला माझी हरकत नाही, पण त्याआधी कागदावर खोलीनिहाय यादी असू द्या: कोणता पॉइंट, किती उंचीवर, कोणत्या सर्किटवर, कोणती वायर. पॉइंटमध्ये काय काय धरलंय तेही. टू-वे एक की दोन, एसीची लाइन डीबीपर्यंत की नुसता प्लग, झिरी मारून बुजवणं कोणाकडे. चार इंची भिंतीत आडवी लांब झिरी मारायची नाही, हे त्याच कागदावर लिहा. राखेच्या विटा असतील तर कटरनेच झिरी, छिन्नी-हातोडी नको. बोर्ड साडेतीन-चार फुटांवर, टीव्हीचे प्लग टीव्हीच्या मागे लपतील एवढ्या उंचीवर, एसीचा सात फुटांवर, पलंगाशेजारचे दोन फुटांवर. गिझरचा स्विच न्हाणीघराच्या बाहेर.

वायरमन लायसन्सवाला घ्या, किंवा निदान लायसन्सधारक कंत्राटदार त्याच्या कामावर सही करणारा असू द्या. महावितरणच्या नवीन जोडणीला त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतोच, आणि तो कागद थोड्या पैशांत कुठूनही आणून देणारे भेटतात. तुम्ही मात्र तपासणी खरोखर करून घ्या: प्लास्टर-पुट्टी संपल्यावर, बोर्ड लावायच्या आधी सगळ्या लाइनींना मेगर (इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावा, म्हणजे खिळ्याने किंवा कटरने कुठे वायर सोलली गेली असेल तर तिथेच कळतं. मग प्रत्येक प्लगवर फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना, अर्थिंग खरोखर पोचलंय ना, आणि आरसीसीबी प्लगवरून पाडून बघणं. डीबीच्या झाकणाच्या आत कोणती एमसीबी कशाची ते मराठीत, पक्क्या शाईने. तुमचा वायरमन परगावी असेल आणि घरी फक्त आई असेल, तेव्हा तिला वाचता आलं पाहिजे.

तुमच्या खालच्या मजल्याचा नकाशा फर्निचरसकट पाठवलात तर सर्किटची वाटणी मी करून देतो. पण स्लॅबच्या चार दिवस आधी तरी पाठवा, सेंट्रिंगवाले आणि सळईवाले एकदा वर चढले की पाइप टाकायला फक्त एक रात्र मिळते.